सावळखेडीची वेस

वात जरा वर करा, मग सांगतो. घाबरायचं कारण नाही. गोष्टीतली मुलगी जगली, हे आधीच सांगून टाकतो. तिचा बाप मीच, आणि ती गेली असती तर मी हे सांगायला बसलोच नसतो.

काम तसं साधंच होतं. माझ्या धाकट्या लीनाचा घसा दुखत होता. वैशाखाचे दिवस, शाळेला सुटी. म्हटलं, स्टेशनाच्या गावी डॉक्टरला दाखवून संध्याकाळपर्यंत परत येऊ. शेजारच्या प्रेमदासनं आपली छपराची दमणी, हलकी बैलगाडी, जुंपली, आत गवत अंथरलं, आणि मी, बायको इंदिरा आणि लीना निघालो.

आमच्या गावाहून स्टेशन पूर्वी जवळ होतं. सावळखेडी नावाच्या गावातून सरळ रस्ता जायचा. पुढं लष्कराला जागा लागली. सावळखेडी उठली, लोकांना मोबदला मिळाला, घरं पाडली गेली, आणि सगळ्या जागेभोवती काटेरी तारेचं कुंपण आलं. आत काय ठेवतात ते विचारायचं नसतं, आम्ही विचारलंही नाही. देशाचं रक्षण व्हायलाच हवं. पण रस्ता कुंपणाला वळसा घालून जाऊ लागला आणि आमचं गाव एकाएकी लांब गेलं. वाटेतच दूध नासू लागलं, बाजार बुडू लागला. पलीकडचे लोक आमच्याकडे मुली द्यायला कां-कूं करू लागले. मी मात्र शाळेत देशभक्तीवर भाषणं ठोकत होतो, कारण मला स्टेशनावर क्वचितच जावं लागे.

वळणाच्या अलीकडेच लीनाच्या श्वासाला शिटीसारखा आवाज येऊ लागला. इंदिरानं तिचं तोंड उघडून पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. घशात पांढरा पापुद्रा धरला होता. मागच्या साली याच घटसर्पानं गावातली लेकरं नेली होती. त्यावरचं इंजेक्शन सेवाग्रामच्या दवाखान्यात मिळे, आणि तिथं वेळेत पोचायचं तर दुपारची पॅसेंजर गाठायला हवी होती. वळसा घालून ती मिळणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. प्रेमदासनं बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या.

त्यातच धुळीचं वावधन आलं. आधी आभाळाच्या कडेला तांबूस भिंत उभी राहिली, मग बघता बघता ती अंगावर आली. भर दुपारी अंधार झाला. धूळ नाकातोंडात, डोळ्यांत. इंदिरानं लीनाला पदराखाली घेतलं. वाऱ्याच्या त्या गोंगाटातही मला तिच्या श्वासाची शिटी ऐकू येत होती, आणि ती थांबेल की काय या भीतीनं मी कान तिच्याकडेच लावून बसलो होतो.

"गुरुजी, काईच दिसून नाई राह्यलं," प्रेमदास ओरडला.

"थांबू नकोस, बाबा!"

"थांबत नाई जी. कासरा ढिला सोडतो. चांद्याले वाट ठाऊक हाये."

दिसेनासं झालं की बैलावर भरवसा टाकायचा, ही गाडीवानांची रीतच. पण उजवीकडचा चांद्या हा मूळ सावळखेडीचा बैल. गाव उठलं तेव्हा प्रेमदासनं तो तिथल्या एका म्हाताऱ्याकडून घेतला होता. हे त्या घटकेला कुणाच्या ध्यानात येणार!

गाडी वळली. थोड्या वेळानं वारा एकदम पडला.

धूळ तशीच हवेत लटकत होती, पिवळट, आणि आवाज कसलाच नव्हता. चाकांचाही नाही. मग वास आला. ताज्या सारवणाचा, भाजत्या भाकरीचा. दोन्ही बाजूंना घरं दिसू लागली. दारादारांत माणसं बसली होती, नुकती झोपेतून उठल्यासारखी, डोळे जड. मी हात जोडले, तरी कुणी हलेना.

"अहो… हे कुठलं गाव?" इंदिरा पुटपुटली.

प्रेमदासच्या पाठीवर घामाची ओळ दिसत होती. "बोलू नका, बाई…"

एक म्हातारा लोटा घेऊन पुढं आला. त्यानं चांद्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि बैलानं डोळे मिटून घेतले. मग त्यानं लोटा इंदिरापुढं धरला.

"पोरीले पाजा."

सकाळपासून लीनाला थुंकी गिळवत नव्हती. ती ते पाणी घटाघटा प्यायली.

तेवढ्यात दारांतली माणसं उठली. हातात काठ्या घेऊन, एकही शब्द न बोलता, ती आमच्या दोन्ही बाजूंनी गाडीच्या मागं जाऊ लागली. बायासुद्धा.

"मागं काय आहे?" मी विचारलं.

"तुमी निघा," म्हातारा म्हणाला. "मागचं आमी पाह्यतो…"

गाडी हलली. आणि एकदम ऊन, इंजिनाची शिटी, सिग्नलचा खांब! आम्ही कुंपणाच्या पलीकडे, स्टेशनाच्या बाजूला उभे होतो. मागं तारा जशाच्या तशा ताणलेल्या, फाटकाला कुलूप. आमच्या चाकोऱ्या तारेखालून निघाल्या होत्या. पहाऱ्यावरचा जवान कधी त्या चाकोऱ्यांकडे, कधी आमच्याकडे बघत होता. बंदूक त्याच्या हातात होती, पण ती उचलायचं त्याला सुचलं नाही.

"जाओ," तो हळूच म्हणाला. "जल्दी जाओ…"

पॅसेंजर मिळाली. रात्री इंजेक्शन मिळालं. दुसऱ्या सकाळी लीनानं डोळे उघडून भात मागितला, साध्या आवाजात, आणि मी दवाखान्याबाहेरच्या झाडाखाली बसून पोरासारखा रडलो. एवढं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

पाऊस लागायच्या आधी प्रेमदास मला नाचणगावला घेऊन गेला. चांद्या ज्यांच्याकडून घेतला ते बंडूजी तिथं लेकीकडे, शकुबाईकडे राहत होते. अंगणात बाजेवर बसले होते. मी पाहताक्षणी ओळखलं. लोटा धरणारा तोच हात.

"बरी हाये ना पोरगी?" त्यांनीच आधी विचारलं.

मी मान हलवली आणि त्यांच्या पायांशी बसलो.

"घरं पाडली जी, पन दुपारी डोया लागला का आमी सारे तिथंच राह्यतो," ते म्हणाले. "कोनी कुठंही गेला असो. त्या दिवशीही होतो. म्हून त्या बाईले वेशीत अडवता आलं."

"कोणती बाई?"

त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. "तुमाले दिसली नाई? गाडीले हात लावून मांगं मांगं चालत होती ते. पोरीसाठी आली होती. आमची वेस तिनं वलांडली नाई… पन गेलीही नाई. तिथंच बसून राह्यते. रोज विचारते, गाडी कोन्या गावची?"

"मग… तुम्ही?"

"आमी कोनी सांगत नाई." बोलता बोलता त्यांचे डोळे मिटू लागले. ऊन माथ्यावर होतं. मी त्यांचा हात धरून हलवला, पाणी मागितलं, शेतीचं विचारलं, आणि ऊन उतरेपर्यंत त्यांना झोपू दिलं नाही.

लीना आता मॅट्रिकला बसते आहे. आवाज इतका खणखणीत की आळीला ऐकू जावा. बंडूजी मागच्या उन्हाळ्यात गेले, जेवण झाल्यावर, झोपेतच. मी भेटायला गेलो तेव्हा शकुबाई डोळे पुसत म्हणाली, "तरास काईच नाई झाला, गुरुजी. पन झोपेत हात जोडून सारखं कोनाले तरी सांगून राह्यले होते… 'मले नाई ठाऊक, माय. म्हातारा मानूस हाये मी. गाडी लय दूरची होती…'"