एका चार्जवर तीनशे एकसष्ट किलोमीटर

बाब १ : दारं

डावीकडचं सरकतं दार मी उघडलं आणि नेमकं तेव्हाच उजवीकडचंही उघडलं. पलीकडून एक डोकं आत आलं. त्यामागून मोजपट्टी आली, आणि तिचं टोक सरळ माझ्या नाकाला लागलं.

"एक मीटर वीस," डोकं म्हणालं. "नाकापर्यंत."

"ही व्हॅन माझ्या नावावर आहे, तीन दिवस."

"अभिनंदन. माझ्याही नावावर आहे."

त्याने कागद दाखवला. मी माझा दाखवला. गाडी तीच, तारखा त्याच, आणि दोन्हींवर सही आमच्या संपादकांची. मी वाहनांच्या मासिकात गाड्या तपासते. तिथूनच फोन लावला.

"अगं हो, सांगायचं राहिलंच," संपादक म्हणाले. "घराला आणि धंद्याला चालेल अशी छोटी इलेक्ट्रिक व्हॅन आहे ना ती? मग घर तू बघ, धंदा ते बघतील. खिडक्यांना काचा बसवतात ते. काच फुटली नाही तर गाडी चांगली. घ्या भागवून एकीत."

भागवून घ्या! जशी काही एका ताटात दोन पोरं जेवायला बसवली.

गुण : दहापैकी सात. नाकाचे तीन वजा.

बाब २ : पल्ला

ही बाब नीट वाचा, कारण माझी नोकरी हिच्यात अडकली आहे. मागच्या महिन्यात मी एका गाडीची डिकी बारा सेंटीमीटर जास्त छापली. (कशी, ते मला बोलायचं नाही.) संपादक ओरडले नाहीत, तेच वाईट. शांतपणे म्हणाले, "आणखी एक आकडा चुकीचा छापलास की परत टायरच्या पानावर." टायरवर मी तीन वर्षं लिहिलं आहे. टायर काळे असतात, गोल असतात. पुढे काय लिहिणार?

तर कंपनी म्हणते, एका चार्जवर दोनशे ऐंशी किलोमीटर. माझी पद्धत अशी — पूर्ण चार्ज करायची, डॅशबोर्डवरचा बॅटरीचा आकडा काळ्या चिकटपट्टीने झाकायचा, आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. आकडा दिसला की माणूस घाबरतो, हळू चालवतो, आणि चाचणी खोटी होते.

"आणि बंद पडल्यावर?" काचवाल्याने विचारलं.

"टो-गाडी बोलवायची. चाचणी संपली. मी अहवाल लिहायला मोकळी."

"म्हणजे गाडी थांबली की तुम्ही जाणार."

"अर्थात."

"अच्छा..." तो म्हणाला, आणि त्या काळ्या पट्टीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

बाब ५ : तिसरी रांग

(तीन आणि चार राहिल्या. तो बोलत होता.)

कुटुंब म्हणून मी आईला आणलं. मागे काचा, त्यांच्या पुढच्या सीटवर आई, तिच्या शेजारी वहीसकट मी; गाडी काचवाला चालवत होता.

"अगं, गुडघे कानाला लागतायत माझे!"

"थांब, लिहून घेते."

"लिहितेस काय? पुढे घे मला!"

"काकू, एक मिनिट," काचवाला म्हणाला. उतरला, काचा दोन बोटं मागे सरकवल्या, सीट पुढे ओढली, आईच्या पाठीला आपलं जाकीट दुमडून लावलं. आई अशी स्थिरावली, जणू गाडी तिचीच.

"कोण गं हा?" तिने कुजबुजत विचारलं. आईची कुजबूज पलीकडच्या गल्लीत ऐकू जाते.

"धंद्याचा रकाना आहे, आई."

"रकान्याचं लग्न झालंय का?"

"नाही झालं, काकू," पुढून उत्तर आलं. आरशात त्याचे डोळे हसत होते. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

बाब ६ : आवाज

नाही. हीच तर अडचण आहे. पेट्रोलच्या गाडीत माणसाला लपता येतं. इथे इंजिनच गप्प; त्यामुळे मागे काचांची किणकिण ऐकू येते, त्याचं गुणगुणणं ऐकू येतं, स्वतःचा आवंढासुद्धा ऐकू येतो.

"तुम्ही चिडलात की पेन दोनदा आपटता," तो म्हणाला.

"मी चिडलेली नाही."

टक, टक.

"बघा."

गुण : शून्य. किंवा दहा. नंतर ठरवते.

बाब २ : पल्ला (पुढे चालू, आणि चालूच)

तीन दिवस झाले, गाडी थांबेना. मुदत वाढवून घेतली. रोजचा क्रम ठरलेला — सकाळी आईचा दवाखाना, बाजार; दुपारी काचवाल्याचं वर्कशॉप. तो काचा चढवायचा आणि मला समोरच्या चहाच्या दुकानात पिटाळायचा. "काचेची धूळ असते, मॅडम. दीड-दोन तास निवांत बसा."

दोनशे ऐंशी झाले. तीनशे झाले. मी हिशेब तीनदा तपासला. चौथ्या संध्याकाळी तीनशे एकसष्ट — आणि गाडी अजून ठणठणीत!

संपादक फोनवर अक्षरशः गहिवरले. "मुखपृष्ठ! उद्या छपाईला जातोय. टायर विसर आता."

बाब ९ : केबल

पाचव्या दुपारी बारीक सर आली. वही गाडीतच राहिली होती, म्हणून मी चहा अर्धा टाकून रस्ता ओलांडला.

वर्कशॉपच्या खिडकीतून एक जाड निळी वायर निघाली होती. गल्लीतून, पायपुसण्याच्या खालून, व्हॅनपर्यंत. पायपुसणं वर इतक्या काळजीने पसरलेलं, जणू खाली कुणी झोपलं आहे. आणि शेजारी काचवाला, भिजलेला, हातात प्लग.

"हे काय आहे?"

"...वायर."

"मला दिसतंय वायर आहे! कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. दुपारचीच. थोडी थोडी."

"थोडी थोडी? अहो, मुखपृष्ठावर चाललाय तो आकडा! खोटा निघाला तर माझी नोकरी —" त्याचा चेहरा उतरला.

"नोकरीचं मला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही म्हणालात, गाडी थांबली की तुम्ही जाणार. म्हणून मी... तिला थांबू देत नव्हतो."

पाऊस त्याच्या भुवईवरून प्लगवर पडत होता.

"तो प्लग आधी खाली ठेवा," मी ओरडले. "शॉक लागेल!"

वैताग बघा. माणसाचा गळा दाबायचा आहे, आणि त्याला शॉक लागू नये असंही वाटतंय. एकाच मिनिटात!

मी त्याच्यासमोरच संपादकांना फोन केला. "सर, आकडा चुकला. छापू नका."

"परत?" पलीकडून आलं.

"अजून छापलेला नाही, सर. म्हणून तर सांगतेय."

"परवा संध्याकाळी सातपर्यंत खरा आकडा. नाहीतर तुला माहीत आहे."

बाब २ : पल्ला (पुन्हा, पहिल्यापासून)

पूर्ण चार्ज. काळी पट्टी. तेवढंच वजन, त्यासाठी काचवाला हवाच होता, दुसरं काही कारण नव्हतं. तो हात मांडीवर ठेवून गुन्हेगारासारखा बसला.

"तुम्ही माझ्याशी बोलणार नाही?"

"चाचणी चालू आहे."

"कुठपर्यंत?"

"थांबेपर्यंत."

दोन दिवस. त्याने दुपारचा चहा माझ्या शेजारी बसून, दोन्ही हात टेबलावर दिसतील असे ठेवून घेतला. मला हसू आलं, ते मी कपात लपवलं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता, गावाबाहेरच्या गोदामांच्या रस्त्यावर, व्हॅन हळू झाली... आणखी हळू... आणि कडेला उभी राहिली. दोनशे चोपन्न. मी फोटो काढून पाठवला. उत्तर आलं : "हा छापतो. टायरला दुसरं कुणी बघतो."

मी श्वास सोडला. किती दिवसांचा होता कोण जाणे.

"मग... संपलं," काचवाला म्हणाला. तो समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होता. "टो-गाडीला फोन करतो."

"ऐका. तुम्ही केलंत ते चूक होतं."

"हो."

"भयंकर मूर्खपणाचं होतं."

"हो."

"मलाही जायचं नव्हतं. तिसऱ्या दिवसापासूनच नव्हतं. पण माणसाने तोंडाने सांगावं... वायरी कसल्या टाकताय?"

तो वळला. पाच दिवस ज्याचं तोंड बंद झालं नव्हतं, त्याने फक्त हात पुढे केला, आणि मी तो धरला. काचेने ठिकठिकाणी कापलेला, खरखरीत, गरम हात.

दुसऱ्या हाताने मीच फोन लावला.

"कितीजण आहात गाडीत?" टो-गाडीवाल्याने विचारलं. "पंधरा मिनिटांत पोचतो."

"दोघं आहोत," मी म्हणाले. "पण तुम्ही आधी बाकीची सगळी कामं उरकून घ्या."