तळघरातला आक्षेप

धाकटी ऑफिसात शिरली तेव्हा तिच्या एका पायात चप्पल नव्हती आणि हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलवटला होता. दादा खुर्चीतून ताडकन उठला. आई गेल्यापासून या बहिणीला त्यानंच वाढवलं होतं. तिला साधा ताप आला तरी तो रात्रभर उशाशी बसून राहायचा.

"दादा, मला कुणीतरी चिरडायला निघालं होतं," ती म्हणाली आणि दारातच मटकन बसली.

काकूंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. काकू खासगी गुप्तहेर. त्यांचं नाव घेण्याची हिंमत कुणी करत नसे, सगळे नुसतंच काकू म्हणत. दादा त्यांचा मदतनीस, म्हणजे गाडी चालवणारा, चहा करणारा आणि चुकीचे तर्क पुरवणारा.

"दार लाव दादा, तिला पाणी दे. हं पोरी, पहिल्यापासून सांग."

विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरातली कपाटं रुळांवर सरकतात. ती एकमेकांना चिकटून उभी असतात. बाहेरचं चाक फिरवलं की दोन कपाटांमध्ये माणूस शिरेल एवढी फट होते. धाकटी सकाळी अशाच एका फटीत उभी राहून जुने नकाशे पाहत होती. पिशवी तिनं बाहेर, चाकापाशी ठेवली होती.

"आणि कपाट हललं. आधी वाटलं, मलाच चक्कर येतेय. मग दोन्ही बाजू जवळ यायला लागल्या. मी ओरडले, आत माणूस आहे! तरी चाक फिरतच राहिलं, दादा. सावकाश, थांबून थांबून. चढायचं लाकडी स्टूल मध्ये अडकलं म्हणून वाचले. ग्रंथपाल धावत आले तोवर बाहेर कुणी नव्हतं. पिशवीही नव्हती."

ओरडणं ऐकूनही चाक फिरवत राहणारा माणूस कसा असेल, ते दादाच्या डोळ्यांपुढे येईना, आणि येऊही नये असं त्याला वाटत होतं.

"पिशवीत काय होतं?" काकूंनी विचारलं.

"माझा प्रबंध. तो सगळ्यांकडे कधीच गेलाय. आणि हातानं लिहिलेली काही नवी पानं. काल दिवसभर संग्रहालयात नळांवरचे ठसे पाहत होते. घरी येऊन लिहिलं. अजून कुणालाच दाखवलं नव्हतं."

"कसले नळ?"

जुन्या शहराला जमिनीखालून भाजक्या मातीच्या नळांनी पाणी यायचं. ते सगळं एका राजानं एका हुकमात बांधलं, असं विभागातल्या थोरल्या सरांचं पुस्तक सांगतं, आणि त्या विषयातली सगळी मंडळी आजवर त्यावर मान डोलावत आलेली. धाकटीचं म्हणणं वेगळंच. नळ गल्लीगल्लीतल्या लोकांनी आपापले बसवले, कारण प्रत्येक गल्लीत नळाला नळ जोडणाऱ्या जोडाची तऱ्हा निराळी आहे. उद्या तिची तोंडी परीक्षा होती, आणि परीक्षक होते खुद्द थोरले सर.

"मग झालं की!" दादा टेबलावर हात आपटून म्हणाला. "काकू, उघड आहे! आणि तू उद्या तिकडं जायचं नाहीस. डिग्री गेली खड्ड्यात."

"जाणार," धाकटी म्हणाली. "आज घाबरून घरी बसले तर ती माणसं मला कधीच आपल्यात घेणार नाहीत. त्यांना तेच तर हवंय."

काकू उठल्या. "चला. ज्यानं हे केलं तो अजून मोकळा आहे. रात्र पडायच्या आत तो सापडला पाहिजे."

ग्रंथपालांनी सांगितलं की धाकटीखेरीज तळघराची किल्ली आणखी तिघांकडेच असते. थोरले सर, धाकटीच्या मार्गदर्शक मॅडम आणि तिच्याबरोबर संशोधन करणारा एकजण, ज्याला सगळे तळटीप म्हणत. सकाळी तिघेही इमारतीत होते. धाकटीला ग्रंथपालांपाशी बसवून काकू आणि दादा निघाले. दादा दर चार पावलांनी मागे वळून पाहत होता.

थोरले सर पुस्तकांच्या ढिगाआडून गुरगुरले, "कपाट? मी? मला त्या पोरीला संपवायचंच असेल तर उद्या चारचौघांत संपवीन, भर परीक्षेत!"

"मला यातलं कळत नाही सर," काकू नम्रपणे म्हणाल्या. "तिच्या प्रबंधात वाईट काय आहे?"

"जोड! नळ फुटतात, लोक ते दुरुस्त करतात. जोड वेगळा दिसला म्हणजे मूळ कारागीरही वेगळा, हे कशावरून? शंभर पानांत तिनं याचं उत्तर दिलेलं नाही."

दादाला त्या आवाजानंच धडकी भरली. बाहेर येताच तो कुजबुजला, "हाच, काकू. संपवीन म्हणाला की तोंडानं!"

"ऐकलं मी," काकू म्हणाल्या.

तळटीप दाराच्या कडीशी चाळा करत बोलायचा, आणि आपल्याच प्रत्येक वाक्याला पुढच्या वाक्यात एक अपवाद जोडायचा. सकाळी तो तळघराच्या जिन्यावर होता. म्हणजे जिन्यावर होता, पण खाली उतरला नव्हता. म्हणजे दोन पायऱ्या उतरला होता. दादानं मनातल्या मनात त्याला बेड्या घातल्या.

"प्रबंधात वाईट काय?" काकूंनी तोच प्रश्न केला.

तळटीपाचा चेहरा लाल झाला. "माझ्या लेखाचा उल्लेख नाही! एकदासुद्धा नाही! शेवटची संदर्भसूची मी तीनदा वाचून काढली."

मॅडमच्या खोलीत शिरल्यावर मात्र दादाला जरा हायसं वाटलं. त्यांनी सगळं ऐकून तोंडावर हात नेला, खणातून मलमाची ट्यूब काढून त्याच्या हातात दिली. "आधी हे लावा तिला. आणि परीक्षा पुढे ढकलू या. चारसहा महिन्यांनी बघता येईल. जिवापेक्षा काय मोठं आहे?"

दादाचे डोळे भरून आले. ते लपवायला तो भिंतीकडे बघू लागला. तिथे एका नव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ टाचणीनं लावलेलं होतं. त्यावर मातीच्या नळाचं चित्र होतं.

"माझं पुस्तक येतंय," मॅडम म्हणाल्या.

"आणि तिचा प्रबंध? काही खोट आहे का त्यात?" काकूंनी विचारलं.

"वाईट नाही हो. हुशार आहे पोर, पण घाई करते. आता बघा, भाजताना माती आकसते. मग ठसा लहान दिसला म्हणून तो बाईचा किंवा मुलाचाच, असं कसं म्हणता येईल? पण सुधारता येईल ते."

काकूंनी आभार मानले.

सगळ्यांना तळघरातच जमवायचं, असं काकूंनी ठरवलं. धाकटी पायरीवरच थांबली, ग्रंथपालांचा हात घट्ट धरून. काकू सरळ त्या फटीत जाऊन उभ्या राहिल्या आणि दादाला म्हणाल्या, "चाक धर. सोडू नकोस."

तळघरातले दिवे थोड्या वेळानं आपोआप बंद होतात. ते तसे झाले, आणि कुणीतरी ते पुन्हा लावेपर्यंत दादा दोन्ही हातांनी चाकाला लोंबकळून होता. अंधारात त्याला त्या तिघांचे श्वास ऐकू येत होते. त्यातला एक सकाळी इथेच चालू होता, या विचारानं त्यानं चाक आणखी घट्ट आवळलं.

"मी तिघांनाही एकच प्रश्न विचारला," फटीतून काकूंचा आवाज आला. "तुम्हा विद्वानांची एक खोड मला ठाऊक आहे. तुम्ही गुन्हा लपवाल, पण दुसऱ्याच्या लिखाणातली चूक दिसली की ती सांगितल्याशिवाय तुम्हाला राहवत नाही. दादा, कोण काय म्हणालं?"

"सर म्हणाले, जोड दुरुस्तीचेही असू शकतात."

"ते प्रबंधातलं. पुढे?"

"हे म्हणाले, यांचं नाव नाही."

"तेही प्रबंधातलंच. पुढे?"

"मॅडम म्हणाल्या, भाजताना माती आकसते, म्हणून ठसा लहान..." दादा अडखळला.

"पोरी, प्रबंधात ठशांबद्दल काय आहे?"

"काहीच नाही," धाकटी पायरीवरून हळूच म्हणाली. "ते फक्त नव्या पानांत होतं. नळांवरचे अंगठ्यांचे ठसे लहान आहेत. म्हणजे नळ घरच्या बायकांनी आणि मुलांनी थापले असणार, असं मी लिहिलं होतं."

"जे कुणीच वाचलं नव्हतं, त्यावरचा आक्षेप मॅडमनी मला सांगितला." काकू फटीतून बाहेर आल्या. "परीक्षा लांबली की तुमचं पुस्तक आधी बाहेर येणार. त्यातलं संशोधन कुणाचं, ते पानं ताडून पाहिलं की कळेल. पण पुस्तक आधी आलं असतं, तर उलट हीच चोर ठरली असती. पिशवी तुम्ही फेकली नसणार. लिहिलेला कागद फेकवत नाही तुम्हा लोकांना. खोलीतल्या कपाटात आहे ना?"

मॅडम खाली बसल्या. "मला फक्त घाबरवायचं होतं तिला. थोडे महिने हवे होते."

"मी ओरडले होते मॅडम," धाकटी म्हणाली.

"ऐकलं मी," मॅडम म्हणाल्या. ग्रंथपालांनी पोलिसांना फोन केला.

परीक्षा ठरल्या दिवशीच झाली. थोरल्या सरांनीच तो हट्ट धरला. दादा मागच्या बाकावर बसला होता आणि खोलीचं दार धाकटीनं सांगितलं म्हणून उघडं ठेवलं होतं. वाऱ्यानं ते जरा हललं की ती बोलता बोलता थांबायची, तिकडे पाहायची, मग पुढचं वाक्य उचलायची. सरांनी जोडांवरून तिला चांगलंच सोलून काढलं. तिनं उत्तरं दिली, एका ठिकाणी सरळ "माहीत नाही" म्हणाली.

शेवटी ती नव्या पानांतल्या ठशांकडे वळली. "यावर एक आक्षेप आहे. भाजताना माती आकसते, त्यामुळे लहान ठशावरून काही सिद्ध होत नाही. आक्षेप बरोबर आहे, म्हणून हा मुद्दा मी मागे घेते." "हा आक्षेप माझा नाही. तो माझ्या मार्गदर्शक मॅडमचा आहे. तशी नोंद परीक्षेच्या कागदांत असावी."

दादाला संताप आला. त्या बाईचं नाव घ्यायचं? तो उठणार एवढ्यात काकूंनी त्याची बाही धरली.

मग थोरले सर उठले. मंडळींच्या लांब टेबलापाशी एक रिकामी खुर्ची होती, मॅडमची. ती त्यांनी स्वतः मागे ओढली. आदल्या दिवशी ज्या मुलीला ते पोरगी म्हणत होते, तिच्याकडे बघून ते म्हणाले, "बसा."

धाकटी खुर्चीपर्यंत गेली. तिनं आधी उघड्या दाराकडे पाहिलं, मग दादाकडे. दादा उठला आणि उघडं दार हलू नये म्हणून त्याला पाठ लावून उभा राहिला. तेव्हा ती बसली.