लाल चिंधीची काठी

पहिला सोमवार. माझं काम तळ्यावरचे पक्षी मोजून वहीत लिहायचं. इथे चार सोमवार, मग दुसऱ्या गावचं तळं.
टिबुकल्या चार. पाणकोंबड्या सात. माळी एक.
(माळी मोजायचा नव्हता. पण तो ओरडला.)

"ओ पाखरंवाल्या मॅडम! पाय उचला, नर्गिसावर उभ्या आहात!"

"कुठंय नर्गिस? नुसती माती तर आहे."

"कंद आत आहे. फूल वर यायला लाजतंय."

मी एक पाय उचलला. दुसरा कुठे ठेवायचा, कळेना.

"बगळा झालात की..."

दुसरा सोमवार. टिबुकल्यांचे गाल तांबूस व्हायला लागलेत. वसंताची पहिली खूण. माळ्याला सांगितलं.

"तुमचेही होतात," तो म्हणाला. "मी जवळ आलो की."

शेरा — (खोडला.)

तिसरा सोमवार. मी बसून मोजते त्या बाकाजवळ काठी, तिला लाल चिंधी. आमच्या कामात लाल चिंधी म्हणजे घरटं आहे, जवळ येऊ नका.
लावली त्यानंच. समजले.
पलीकडच्या काठावरून मोजलं. डोळ्यांत पाणी असलं की बदकं दुप्पट दिसतात.

चौथा सोमवार. शेवटचा. पुन्हा पलीकडचाच काठ. अख्ख्या तळ्याला वळसा घालून तो धापा टाकत आला, हातात खुरपं.

"फुलं आवडली नाहीत तर तोंडानं सांगायचं! आठवडाभर वाट बघतोय."

"लाल काठी रोवून वर वाट बघता?"

"आमच्यात लाल काठी म्हणजे इथं काहीतरी उगवतंय, येऊन बघा!"

"आमच्यात म्हणजे — दूर राहा!"

तो खुरपं धरून उभा. मी वही धरून. मग दोघंही असे हसत सुटलो की पाणकोंबड्या लव्हाळ्यात पळाल्या. मोजणीचे तीनतेरा.

"काय उगवतंय तिथं?" मी विचारलं.

"नर्गिस. तुमच्या बाकाभोवती. कोंब फुटलेले कंद हलवू नयेत म्हणतात... हलवले. फुललेत."

"मी उद्या जातेय."

"माहितेय. त्या तळ्याला बाग आहे?"

"नुसता उघडा माळ."

"मग... तळ्याला माळी लागेल."

"तळ्यालाही," मी म्हणाले.