उलट्या घागरीची तोड

विद्या कधी मरत नाही, ती फक्त देह बदलते, असं भूपेंद्रच्या बी.ए.च्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात छापलेलं होतं. सिंदी रेल्वे या गावात ती १९९६च्या दिवाळीनंतर व्हिडिओ गेमच्या मशीनचा देह घेऊन नागपूरहून टेम्पोत बसून आली आणि उतरवताना तिचा एक पाय मोडला. भूपेंद्रने त्या पायाखाली दोन विटा सरकवल्या, प्लग खुपसला आणि कापूस बाजाराच्या रस्त्यावर 'व्हिडिओ गेम' अशी पाटी ठोकली. तेव्हा त्याचं वय पस्तीस. वडील बंडूजी कापसाचे अडते. त्यांनी पोराला दुकानाचा गाळा दिला तो एका वाक्यासकट.

"बी.ए. केलं, आन् आता पोट्टे खेळवून राह्यला."

मशीनवर मारामारीचा एकच खेळ होता. आठ गडी, त्यातला एक निवडायचा आणि दांडा-बटणं हाणून समोरच्याला लोळवायचं. नावं इंग्रजीत, ती वाचायच्या भानगडीत कोणी पडत नसे. लाल लंगोटवाल्याला सगळे पैलवान म्हणत. त्याचा एक खास डाव होता: दांडा खाली, मागे, पुढे आणि दोन बटणं एकदम. मग पैलवान वाकून जमिनीला हात लावी, तो कपाळाला नेई, समोरच्याचा अंगठा पकडून डाव्या गुडघ्यावर बसे, आणि गडी त्याच्या डोक्यावरून पलीकडे जाऊन पडे. भरली घागर उपडी करावी तसा. बाकीचे गडी डाव टाकताना बोंबलत. हा एकटा गप्प. भूपेंद्रला वाटलं, स्पीकर गेला असेल.

एका दुपारी चंद्रभान वस्ताद गाळ्याच्या सावलीला आले. त्यांची कापसाने भरलेली बैलबंडी वजनकाट्याच्या रांगेत उभी होती. स्टेशनामागचा आखाडा त्यांचा. वय साठीच्या पुढे, कान मोडलेले, मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागे. ते पाणी प्यायले, पडद्याकडे पाहिलं, आणि लोटा हातातच राहिला.

"हे कोनं शिकवलं याले?"

"कोणी नाही, वस्ताद. जपानच्या कंपनीनं बनवलं आहे."

"जपानात उलटी घागर?"

उलटी घागर हा चंद्रभानच्या घरचा डाव. बापाने त्यांना दिला, त्यांनी एकालाच दिला, पोटच्या गोपालला. प्रत्येक डावाला तोड असते, म्हणजे त्यातून निसटायची युक्ती. त्यांच्या आखाड्याचा रिवाज असा की वस्तादाने डाव द्यायचा आणि तोड स्वतःजवळ राखायची. चेला स्वतःचा आखाडा काढायला निघाला की त्या दिवशी तोड द्यायची. चेल्याने पाया पडायचं, आणि पुन्हा त्या मातीत उतरायचं नाही. गोपालने ती आधीच मागितली. बापाने दिली नाही. बावीस वर्षांचा गोपाल १९९३ साली रागाने गाडीत बसला, तेव्हापासून त्याचा पत्ता नव्हता.

"करंगळी पाह्य," चंद्रभान म्हणाले.

भूपेंद्र पडद्याजवळ गेला. पकड घेताना पैलवानाची डावी करंगळी बाहेर राहत होती, काडीसारखी ताठ. गिरडच्या कुस्त्यांच्या दंगलीत गोपालची करंगळी मोडली होती, १९९२ साली. ती पुढे कधी वाकली नाही, हे गावाला ठाऊक होतं.

"योगायोग," भूपेंद्र म्हणाला. बी.ए.चा तेवढाच उपयोग होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मशीन सुरू केलं. सुरुवातीला पडद्यावर खेळ बनल्याचं साल येई. ते तो रोज पाहत होता, त्या दिवशी वाचलं. १९९१.

मग चंद्रभान रोज येऊ लागले. स्वतः दांड्याला हात लावत नसत. कोणालाही नाणं देत, पैलवान घ्यायला लावत, आणि बाकावरून दम भरत, "हारवू नोको बे त्याले." एकदा त्यांनी बायकोला आणलं. आनंदाबाईंनी पदर सावरून बराच वेळ पाहिलं.

"वाळला," त्या म्हणाल्या.

भूपेंद्रने नाइलाजाने पाहिलं. बाई खोटं बोलत नव्हती. मशीन आलं तेव्हा पैलवानाची छाती दाराच्या फळीसारखी होती. आता संक्रांत आली होती आणि बरगड्या दिसत होत्या. भूपेंद्रने पडद्याचा उजेड कमी केला. बरगड्या राहिल्या. पोरं म्हणाली, "भाऊ, पैलवान आता लवकर मरते." भूपेंद्रने त्यांना खेळात लक्ष द्यायला सांगितलं.

होळीच्या आधी चंद्रभान म्हणाले, "मी त्याले तोड देतो."

"कोणाला?"

"त्याच्यासाठीच रुसला ना तो. देल्ली की येईन तो घरी."

"वस्ताद, तो टीव्ही आहे."

"मंग टीव्हीले देतो. तुह्यं काय जाते?"

भूपेंद्रचं काही जात नव्हतं. त्याने भर दुपारी शटर अर्धं ओढलं. वस्ताद पडद्यासमोर उभे राहिले आणि भूपेंद्रला म्हणाले, "धर माहा अंगठा. आन् बस गुडघ्यावर." भूपेंद्रने धरला. अंगठा हातात होता आणि मग नव्हता. पुढच्या क्षणी तो फरशीवर उताणा पडून पंख्याकडे बघत होता.

"पाह्यलं का रे?" चंद्रभान विचारत होते. भूपेंद्रला नव्हे.

मग दोन नाणी टाकली. दोन्हीकडे पैलवानच घेतला. एकाचा लंगोट लाल, दुसऱ्याचा निळा. निळा भूपेंद्रकडे. लालच्या दांड्यापाशी चंद्रभान हात जोडून उभे.

भूपेंद्रने दांडा फिरवला, बटणं दाबली. निळ्याने लालचा अंगठा धरला, गुडघा टेकला.

लाल डोक्यावरून गेला नाही.

त्याने मनगट आत वळवलं, खांदा खाली टाकला आणि निसटला. हुबेहूब. निळा उताणा पडला.

लालच्या दांड्याला कोणी शिवलं नव्हतं.

लाल पैलवान समोर वळला. त्या खेळात कोणी समोर वळत नसे. सगळे कायम एका बाजूला तोंड करून. तो वाकला. दोन्ही हात पडद्याच्या खालच्या काठापाशी आणले आणि तिथेच टेकवून ठेवले.

चंद्रभानचे पाय बरोबर तिथे होते.

"उठ बावा," ते म्हणाले. "उठ. चाल घरी."

तो उठला. डाव्या बाजूने चालत निघाला आणि पडद्याबाहेर गेला. वर वेळेचे आकडे उतरत होते. शून्य झालं. निळा एकटाच उभा होता.

आनंदाबाईंनी घरी चूल पेटवून ठेवली होती. नवऱ्याने सगळं सांगितलं. त्यांनी भाकरी थापता थापता हात थांबवला.

"पाया पडला?"

"व्हय."

"मंग तुमी त्याले निरोप देल्ला."

"मी बाप म्हणून देल्ली तोड. वस्ताद म्हणून नाई."

"त्याले कसं समजन ते?" बाई म्हणाल्या आणि तवा उतरवला.

दुसऱ्या दिवशी गडी निवडायच्या आठ चौकटींपैकी पैलवानाची काळी होती. दांडा तिथे नेला की पुढे सरके. चंद्रभान संध्याकाळपर्यंत बाकावर बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "नागपूरले अशा अजून मशिनी असतीन. त्यायच्यात पाहून ये. असला तर त्याले सांगजो, माती तशीच आहे, उतरला तरी चालते." रिवाज मोडायची परवानगी वस्तादांनी आयुष्यात पहिल्यांदा दिली होती, आणि ती भूपेंद्रच्या हाती. पॅसेंजरपर्यंत ते सोडायला आले आणि फलाटाच्या बाकावर बसले. "मी अठीच हाव," ते म्हणाले.

भूपेंद्रला मशीन विकणाऱ्या हिरालालकडे नागपूरच्या गोदामात तोच खेळ असलेली चार मशीन होती. भूपेंद्रने चारही लावून पाहिली. चारही पडद्यांवर लाल गडी होता, चांगला भरलेला. दांडा खाली, मागे, पुढे. दोन बटणं एकदम. चारही जण मोठ्याने ओरडले आणि हवेत बुक्की मारली.

"याचा पकडीचा डाव कुठं गेला?" भूपेंद्रने विचारलं.

"कोन्ता पकडीचा?" हिरालालने पान तोंडात सरकवलं. "इस गेम में पकड है ही नहीं, भाऊ. फक्त लाथा-बुक्क्या. आन् हा तर बॉक्सर आहे."

भूपेंद्रने पडद्याला नाक लावून पाहिलं. दोन्ही हातांत गोल, तांबडे ग्लव्ज होते. बोटं कोणी रेखाटलीच नव्हती.