कोठीतली वही

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी स्वतः तिथे हजर होतो. म्हणजे, हजर माझा मित्र, भूकंप मोजणारा हिराइवा होता. पण त्याने मला हे इतक्यांदा ऐकवलंय, की मी होतोच असं धरून चाला.

जपानमधल्या तोत्तोरीच्या डोंगरातल्या एका गावाची शाळा भूकंपात पडून दोन वर्षं झाली होती. नवी कुठे बांधायची, हे हिराइवाच्या एका आकड्यावर अडलं होतं. जमिनीच्या बारा किलोमीटर खाली, जिथे खडक फाटला होता, तिथून भूकंपाची लाट किती वेगाने वर धावते, तो आकडा. तो चुकला की भेगेची जागा चुकणार, आणि शाळा नेमकी भेगेवर बसणार. लाट वर भूकंपमापक यंत्रापाशी कधी पोचली, ते कळतं. पण खाली खडक तुटला कधी, हे कोण सांगणार?

असं एक यंत्र गावातल्या किनूआजीच्या भाताच्या कोठीत पुरलेलं होतं. "आजी, तुमच्या पावलांचीसुद्धा यात नोंद होते हं," असं हिराइवा पहिल्याच दिवशी बोलून गेला. झालं! तेव्हापासून कोठीतल्या वहीत आजीची पेन्सिल सुरू. 'चार दहा. मी. मुळे आणायला.' 'सहा पाच. मांजर. उडी.' दोन वर्षांत एक दिवस खाडा नाही. अशी शिस्त आमच्या प्रयोगशाळेत एकालाही नाही, असं हिराइवा सगळ्यांना सांगत फिरायचा.

त्या दुपारी तो बॅटरी बदलायला गेला. दारात आजीची सून, मियोको.

"आजी कुठायत?"

"गेल्या, सर. अकरा दिवस झाले."

फोटोपुढे उदबत्ती लावून तो बराच वेळ वाकून बसला. मग मियोकोने कोठी उघडून दिली. आत तुसाचा वास, गार माती, आणि खिळ्याला टांगलेली वही.

"इथे हल्ली कोण येतं?"

"कोणी नाही. मला तर त्या फिरकूच द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, तू म्हशीसारखी चालतेस."

हिराइवाने वही उघडली. अक्षर आजीचंच. अकराही दिवसांच्या नोंदी होत्या... पण आता 'मी' नाही, 'मांजर' नाही. नुसत्या वेळा. सेकंदासकट.

त्या वेळा त्याने यंत्राच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. प्रत्येक वेळेनंतर बरोबर दोन सेकंदांनी खालून एक बारीक लाट आलेली.

"खडक तुटल्याच्या वेळा..." तो पुटपुटला.

"पण वरून कुणाला कळणार ते?"

"वरून नाही, मियोकोसान..."

तो बोलत असतानाच हातातल्या वहीत एक ओळ उमटली. एक... दोन... आणि कोठी थरथरली.

"घाबरलास?" मी त्याला नंतर विचारलं होतं.

"घाबरलो तर! पण आधी वहीला नमस्कार केला. इतकं चोख मोजमाप जन्मात पाहिलं नव्हतं."

आकडा बदलला. भेग निघाली दक्षिणेच्या शेताखाली, जिथे शाळा बांधायचं घाटत होतं तिथेच. मग शाळा उत्तरेच्या टेकाडावर बांधली, आणि मुलं आता तिथे सुखाने शिकतात.

बरं, कबूल करतो. हे शेवटचं वाक्य मी रचलं. शाळा अजून अर्धीच उभी आहे, उघडणार एप्रिलात. वहीत मात्र एप्रिलचं पान आत्ताच भरलंय. 'नऊ वाजता. नवी शाळा. मुलं. धावत.'

आणि त्याखालच्या ओळीत नुसती वेळ. सेकंदासकट.