धुराड्याचं तोंड

कस्तुराबाईंचा नेम साधा होता. पहाटे अंघोळीचा पहिला तांब्या अंगावर पडला की तोंड बंद. मग अंगणात तुळशीपुढं पाटावर बसून एक माळ जपायची, दिवा ओवाळायचा आणि त्यानंतरच पहिला शब्द. दूधवाला हाका मारून परत जायचा, मांजर पातेल्यात तोंड घालायचं. बाई हलायच्या नाहीत.

"दिवसात तेवढाच वेळ या घरात माझं राज्य असतं," सोनाजीराव नाक्यावरच्या मंडळींना सांगायचे.

सोनाजीराव निजाम सरकारच्या करोडगिरी नाक्यावर जकातीचे मुन्शी होते. छावणीतलं त्यांचं भाड्याचं घर म्हणजे पूर्वी कुणा गोऱ्या साहेबाच्या बंगल्याची मागची बाजू. कोपऱ्यातल्या खोलीत भिंतीतच शेकोटीची जागा होती आणि तिच्यावर धुराडं, पार कौलांवर निघालेलं. पौषाच्या थंडीत खाम नदीकडून वारं सुटलं की त्यातून घूं असा आवाज यायचा.

लेक सारजा सोयगावहून बाळंतपणाला आली आणि याच खोलीत तिला मुलगा झाला. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा-शेपांची धुरी. सुईण मनकर्णाबाईनं खिडक्या लावून घेतल्या, फटींत चिंध्या कोंबल्या आणि धुराड्याकडं बोट केलं.

"बाई, ते भोक बुजवा. वारं लागलं तर पोरीला जन्माचं दुखणं. मला दोष देऊ नका मग."

"कोंडल्यासारखं व्हायचं नाही ना?" कस्तुराबाईंनी हळूच विचारलं.

"निखाऱ्याला कुठं धूर असतो?" सोनाजीराव म्हणाले आणि त्यांनी गोणपाटाचा बोळा करून धुराड्यात गच्च बसवला.

शेजारची बिल्किसबी बाळंतिणीसाठी खिमटीचं भांडं घेऊन आली होती. तिनं नुसतं वर पाहिलं. "भाभी, निखाऱ्याला बी सास लागती. उघडं ऱ्हाऊ द्या जी."

"तुमच्यात चालत असंल," मनकर्णाबाई म्हणाली. बिल्किसबी भांडं ठेवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर गोणपाट खाली पडलेलं होतं. मांजराचं काम, असं सगळ्यांनी म्हटलं. पुन्हा बसवलं. पुन्हा सकाळी खाली. त्या दिवशी मात्र कस्तुराबाई ते उचलायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. गोणपाटाची घडी घातलेली होती. चार पदरी, काठाला काठ जुळवून, शेवटचं टोक आत खोचलेलं. सोवळ्याची घडी त्या अशीच घालत.

"तूच काढतेस आणि मला वर चढायला लावतेस," सोनाजीराव हसले. "ही घडी या घरात दुसऱ्या कुणाला येते का?"

"मी नाही हो काढलं."

"मग काय मनकर्णाबाईनं काढलं?"

सारजा पडल्यापडल्या आईकडं पाहत होती. "आई, तूच तर येतेस पहाटे. ओल्या केसांनी. मला वाटलं, नेम आहे म्हणून बोलत नाहीस."

पहाटे ओल्या केसांनी कस्तुराबाई तर तुळशीपुढंच असत. त्यांनी देवापुढं अंगारा काढला, लेकीला आणि नातवाला लावला, थोडा धुराड्याच्या कडेलाही लावला.

मनकर्णाबाई मात्र खवळली. "अशानं पोर हातची जाईल." संध्याकाळी सोनाजीरावांनी एक फळी आणली, ती धुराड्यावर आडवी ठोकली आणि कडेनं शेणमातीचा लेप दिला. एका खिळ्याचं डोकं वाकलं तरी तो सुद्धा त्यांनी ठोकून बसवला.

"आता काढ म्हणावं." मनकर्णाबाईनं सारजाला दाराला आतून कडीही लावून घ्यायला सांगितली.

पहाटे कस्तुराबाई अंघोळ करून पाटावर बसल्या. कौलांवर धुकं होतं. धुराड्याच्या तोंडाशी रोज उबेला पारवे बसायचे. आज एकही नव्हता. या वेळेला नातू रडून घर डोक्यावर घ्यायचा. आज आत सगळं चिडीचूप होतं.

उठावं, दार ठोठावावं, हाक मारावी, असं त्यांना वाटलं. माळ निम्मी झाली होती. थोडीच राहिलीय, त्यांनी मनाशी म्हटलं. संपू दे.

एक मणी पुढं सरकला. आणखी एक.

"अहो, उठा! पोरीला बाहेर काढा!"

आवाज कोपऱ्यातल्या खोलीतून आला होता.

आवाज कस्तुराबाईंचा होता.

त्यांनी बोटं ओठांवर ठेवली. ओठ मिटलेले होते.

सोनाजीराव धडपडत धावले. दाराला खांदा लावला, आत घुसले. बाळाला छातीशी धरून आणि सारजाला काखेत घालून त्यांनी दोघांना ओसरीवर ओढलं. सारजाची मान लोंबत होती, ओठ लालबुंद. बाळ निपचित. कस्तुराबाईंच्या हातून माळ गळाली. त्यांनी बाळाला उघड्या वाऱ्यात धरलं, पाठीवर चोळलं, गालावर पाणी शिंपडलं. वाट पाहिली.

मग ते रडलं.

उजाडेपर्यंत सारजाही शुद्धीवर आली. भिंतीपलीकडून बिल्किसबी धावत आली होती. "भाभी, काय ओरडल्या तुमी! मी तर झोपेतून दचकून उठले जी."

सोनाजीराव बायकोकडं पाहत होते. "नेम मोडलास ते बरं केलंस," ते म्हणाले. "पण अगं, तू आत कशी होतीस? दाराला तर आतून कडी होती."

कस्तुराबाई खोलीत जाऊन आल्या. फळी जागच्या जागी होती, वाकडा खिळाही होता. त्यांनी हातोडी मागून घेतली, स्वतःच फळी उचकटली आणि अंगणात टाकली. मनकर्णाबाईला त्यांनी शांतपणे लुगडं-खण देऊन वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या पुन्हा पाटावर बसल्या. धुराड्याच्या तोंडाशी पारवे परत आले होते. सोनाजीराव ओसरीवर घोरत होते. सारजानं या रात्री कडी लावली नव्हती.

खोलीत कुणीतरी हळू बोलत होतं.

"उगी, माझ्या राजा. उघडंच ठेवलंय हं. मी आहे ना."

आवाज ओळखीचा होता. बाळ खुदकन हसलं.

कस्तुराबाईंची माळ संपली. त्यांनी दिवा ओवाळला, तुळशीला नमस्कार केला आणि सारजाला हाक मारायला तोंड उघडलं. घशातून काहीच आलं नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. नुसतीच वाफ निघाली.

आत बोलणं अजून चाललं होतं.

मग त्या पुन्हा पाटावर बसल्या आणि आपला आवाज मोकळा होण्याची वाट पाहू लागल्या.