पहिल्या रांगेतले रामराव

गोविंदा टेलरच्या दुकानात मी बाबांचा कोट आणायला गेले, तर तो कोट आधीच कुणीतरी घातलेला! गोविंदाकाका चहाला गेलेले, आणि आरशासमोर एक उंच, सावळा पोरगा हनुवटी वर करून इकडून तिकडे मिरवत होता.

"ओ… तो माह्या बाबांचा कोट आहे."

तो असा दचकला की एक बाही निघाली आणि दुसरी अडकून बसली.

"सॉरी, सॉरी! मी जीवन राठोड. कॉलेजच्या नाटकात शेठचं काम आहे मले. म्हटलं, कोट घातल्यावर माणूस कसा चालते ते पाहावं."

"असा नाही चालत," मी म्हणाले. का म्हणाले, देव जाणे! पुढे होऊन त्याची बाही सोडवली, आणि तेवढ्यात त्यानं माझ्याकडे पाहिलं… सरळ, पण लाजत लाजत. झालं! माझं जे व्हायचं ते तिथंच झालं.

"मग कसा चालते?"

मी चालून दाखवलं. एक हात खिशात, दुसऱ्यानं कोटाचं टोक धरायचं, आणि कुणी नमस्कार केला नसला तरी मान हलवून तो स्वीकारायचा. जीवन पोट धरून हसला. हा माझ्या बाबांचा, रामरावांचा थाट आहे हे सांगितलं, तेव्हा कुठे त्यानं कोट नीट घडी करून माझ्या हातात दिला.

बाबांचं काय सांगू? उमरखेडात खताचं दुकान जोरात चाललं, रस्त्याकडेच्या जमिनीला भाव आला, आणि त्यांना एकदम मोठं माणूस व्हायचं वेड लागलं. घरात काटे-चमचे आले. इंग्रजी शिकवायला मास्तर आला. भाकरीला काटा टोचणारे बाबा बघून आई स्वयंपाकघरात जाऊन हसायची. मला मात्र हसू येईना, कारण जावई पुण्याचाच हवा, इंजिनिअरच हवा, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं.

आणि कॉलेजनं नाटक तरी कुठलं निवडावं! साडेतीनशे वर्षांपूर्वीची फ्रेंच कॉमेडी. एका शेठकडे पैसा झालाय, आता त्याला खानदानी व्हायचंय. म्हणून तो नाचाचा मास्तर ठेवतो, तलवारीचा ठेवतो, आणि मुलीला आवडलेला पोरगा खानदानी नाही म्हणून त्याला नाही म्हणतो. नाटक बसवणाऱ्या सरांनी ते वऱ्हाडीत उतरवलं होतं. जीवननं दिलेली प्रत वाचताना मी पानापानाला कपाळावर हात मारला. अहो, हे तर आमचंच घर!

मग रोज चार वाजता मी तालमीला. शिकवायला, बरं का…

"मान जरा कमी हालव."

"तुम्ही हातानं धरून दाखवा ना. मले समजत नाही."

"लय समजते तुले!"

"तुम्हीचं तू झालं वाटते?"

"झालं. काही तक्रार?"

"छे… मी तर कधीपासून वाट पाहून राह्यलो."

महागावजवळच्या बंजारा तांड्यावर त्याच्या घरची सोयाबीन-तुरीची शेती. तो खिसा भरून तुरीच्या उकडलेल्या शेंगा आणायचा, सोलून दाणे माझ्या तळहातावर ठेवायचा. मी मुद्दाम हळूहळू खायची.

प्रयोगाच्या दोन दिवस आधी पत्रिका हातात पडली. प्रमुख पाहुणे : रामराव! बाबांनी हॉलला खुर्च्या दिल्या होत्या म्हणे. भर सभेत सगळं गाव माझ्या बापावर हसणार, आणि ते शिकवणारी मी.

जीवनला सांगितलं. अमरावतीहून एक दिग्दर्शक खास त्याचं काम बघायला येणार होते. आवडलं तर त्यांच्या नाटकात जागा मिळणार होती. त्याला कोणत्या तोंडानं थांबवू?

"मी काही मागत नाही," मी म्हणाले.

"मागू नको," तो म्हणाला, आणि शेंगा सोलत राहिला.

प्रयोगाला पडदा उघडला. जीवन आला तो साधा, मान खाली घालून. ना खिशात हात, ना हनुवटी वर. पहिला प्रवेश सपशेल पडला, एक माणूस हसला नाही. माझ्या बाबांसाठी तो स्वतःचं नाटक बुडवत होता. विंगेत उभी राहून मी रडायला लागले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून बाबा उठले.

"ए पोरा, थांब! कोटातला माणूस असा चालते काय? रेशनच्या रांगेत उभा राह्यल्यावानी?"

आणि चक्क स्टेजवर चढले. एक हात खिशात, दुसऱ्यात कोटाचं टोक. न केलेले नमस्कार स्वीकारत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. हॉल हसून हसून लोळला. बाबांनी मान हलवून तेही स्वीकारलं.

"हं, आता तू."

जीवननं एक हात खिशात घातला… आणि चालला. तंतोतंत! त्यानंतर नाटक काय रंगलं म्हणता!

प्रयोग संपल्यावर मी बाबांना गाठलं. "बाबा, ते मीच शिकवलं होतं त्याले."

"मालूम आहे. परवा खुर्च्या पाहायले आलतो, तवा खिडकीतून पाहिलं."

"मग बोलले काहून नाही?"

"राग लय आला. घरी जाऊन आरशापुढं चालून पाहिलं… मलेच हासू आलं." बाबांनी चष्मा पुसला. "त्या पोरानं माह्या इज्जतीसाठी आपलं काम पाडलं, सुरभी. पुण्याचा इंजिनिअर पाडन काय?"

"तो तांड्यावरचा आहे, बाबा. लोक हासतील."

"आज हासले ना? मेलो काय मी?"

मला हुंदकाच फुटला. बाबांनी डोक्यावर हात ठेवला. "जाय. मी गाडी काढतो."

जीवन मागच्या खोलीत रंग पुसत बसला होता.

"दिग्दर्शक काय म्हणाले?"

"म्हणाले, तो म्हातारा नट कोण आहे, त्याले पाठवा." मग हळूच हसला. "मलेही बोलावलं."

"जीवन, मले तूच पाहिजे. बाबाले सांगून आली मी."

त्यानं रंगानं माखलेल्या हातानं माझा हात घट्ट धरला. बाहेर बाबांचा हॉर्न वाजला.

"मग… घरी कधी येऊ?"

"आत्ताच चल," मी म्हणाले.